चकचकीत बोल्ट आणि पांढरं पीठ

मिस्त्रीने पहिल्या बोल्टला पाना लावला, पण तो फिरवावा लागलाच नाही. ओल्या भिंतीतला खिळा निघावा तसा तो बोल्ट अलगद हातात आला. त्याच्या मागोमाग इंजिनाच्या भोकातून चमचाभर पांढरी भुकटी खाली सांडली. थेट तांदळाच्या पिठासारखी.

स्टुलावर बसलेली बकुळ पुढे वाकली. ती अकरा वर्षांची होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा निम्मा दिवस माडवळीच्या या दुरुस्ती-शेडमध्येच जायचा. मिस्त्री म्हणजे शेडमधला यंत्रमानव. त्याचं खरं नाव अक्षरं आणि आकडे मिळून बनलेलं होतं, ते कुणाच्या लक्षात राहत नसे. त्याला चार हात होते, आवाज शांत होता आणि माहीत नसलेली गोष्ट तो माहीत नाही असं सरळ सांगायचा. बकुळला त्याचं हेच आवडायचं.

तिने तो बोल्ट हातात घेतला. त्याच्यावर गंजाचा ठिपका नव्हता, ओरखडा नव्हता. आटे (बोल्टवरची गोल फिरत जाणारी खाच) जागच्या जागी होते. दुकानातून आजच आणावा तसा तो चमकत होता.

मिस्त्रीने दुसरा बोल्ट काढला. तोही असाच सहज आला. तिसऱ्याला मात्र पाना लावून जोर केला, तर तो तसूभर हलला नाही. चौथा, पाचवा, सहावा, तिन्ही तसेच. एकाच इंजिनातले, एकाच दिवशी बसवलेले सहा बोल्ट. दोन हवेत लटकल्यासारखे सैल आणि चार जणू ओतून पक्के केलेले.

“मला याचं कारण माहीत नाही,” मिस्त्री म्हणाला. “आणखी जोर लावला तर हे चार मोडतील, एवढं सांगू शकतो.”

इंजिन होतं फिरत्या दवाखान्याचं. ती गाडी बकुळची आई, हेमलता तोडणकर, चालवायची. शहरातल्या गाड्या तोवर विजेवर गेल्या होत्या, पण वादळात आठ-आठ दिवस वीज नसायची म्हणून किनाऱ्यावरच्या पाच फिरत्या दवाखान्यांना इंजिनं ठेवली होती. काजूच्या बोंडांपासून काढलेल्या अल्कोहोलवर ती चालायची. ॲल्युमिनियमची असल्यामुळे वजनाला हलकी होती. डॉक्टर नाझनीन मुकादम आणि आई, दोघी त्या गाडीतून आठवड्यातून दोनदा खाडीपलीकडच्या कवडेबेटावर जात. वाट ओहोटीला उघडी पडणाऱ्या फरशीवरून (भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या सिमेंटच्या सखल रस्त्यावरून) होती.

त्या सोमवारी सकाळी कवडेबेटावरून परतताना इंजिन तापलं. थंड पाणी खेळवणारा पंप एका बाजूने सुटून कलला होता आणि पाणी गळून गेलं होतं. पंपाला इंजिनाशी धरून ठेवणारे ते हे सहा बोल्ट.

आईने जिल्ह्याच्या कार्यालयाला कळवलं. नवं इंजिन यायला एकोणीस दिवस लागतील, असं उत्तर आलं. गुरुवारी कवडेबेटावर अकरा बाळांना लस द्यायची होती. लस होडीतूनही नेता आली असती, पण छातीचं चित्र काढणारं यंत्र गाडीतच बसवलेलं होतं, आणि महिनाभर खोकत असलेल्या चार म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं होतं. त्यातल्या एका आजींना होडीत चढताही येत नव्हतं.

“बोल्टांचा तर दोष नाही,” आई बोल्ट उन्हात धरून म्हणाली. दीड वर्षापूर्वी तिनेच ते बदलले होते. आधीचे बोल्ट करड्या रंगाचे, निस्तेज होते आणि त्यांच्या माथ्यांवर कुठे कुठे तांबूस डाग पडले होते. खाऱ्या हवेत ते टिकायचे नाहीत असं वाटून तिने होड्यांच्या सामानाच्या दुकानातून कधीही न गंजणारे, उत्तम स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणले. ते खरोखरच गंजले नव्हते.

मग हे पीठ कुठून आलं? बकुळने भुकटी बोटावर घेतली. लोखंडाचा गंज तांबडा असतो, हे तिला ठाऊक होतं. हा गंज असेल तर तो लोखंडाचा नव्हता.

ती भुकटी कागदाच्या पुडीत बांधून ती आजोबांकडे गेली.

आजोबा म्हणजे आईचे वडील, विश्राम मयेकर. होड्या बांधणाऱ्यांच्या घरात वाढलेला हा माणूस पुढे धातुशास्त्रज्ञ (धातूंचे गुण-अवगुण तपासणारा अभ्यासक) झाला आणि पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढून गावी परतला. शेडच्या मागेच त्यांचं छोटं घर होतं. बकुळने सगळी हकिगत सांगितली. आजोबांनी पुडी उघडून पाहिली, भुकटी दोन बोटांत चोळली आणि उत्तर न देता सामानाची यादी सांगितली. तीन काचेचे पेले, ॲल्युमिनियमच्या तीन पट्ट्या, तसेच तीन चकचकीत बोल्ट, थोडी तार, आणि डॉक्टरांकडून इंजेक्शनसाठी वापरतात ते शुद्ध पाणी. स्वतः त्यांनी कपाटातून आकडे दाखवणारं जुनं टेबलावरचं घड्याळ काढलं आणि त्यातला सेल बाजूला ठेवला.

दुपारपर्यंत शेडच्या टेबलावर मांडणी तयार झाली. प्रत्येक पेल्यात शुद्ध पाणी, पाण्यात एका कडेला ॲल्युमिनियमची पट्टी, दुसऱ्या कडेला बोल्ट. पहिल्या पेल्यातला बोल्ट तारेने दुसऱ्यातल्या पट्टीला जोडला, दुसऱ्यातला तिसऱ्यातल्या पट्टीला. उरलेली दोन टोकं घड्याळाला. घड्याळाची काच कोरीच राहिली.

“आता प्रत्येक पेल्यात चिमूटभर मीठ टाक,” आजोबा म्हणाले.

बकुळने पहिल्या पेल्यात मीठ टाकून ढवळलं, मग दुसऱ्यात. तिसऱ्या पेल्यातलं मीठ विरघळता विरघळता काचेवर फिकट काळे आकडे उमटले, ठळक झाले, आणि त्यांच्यामधले दोन ठिपके उघडझाप करू लागले. बारा वाजले आहेत असं घड्याळ सांगत होतं. वेळ चुकीची होती, पण घड्याळ चालू होतं.

सेल तर टेबलावर पडलेला होता. बकुळने पेल्यांकडे पाहिलं, मग सेलकडे. “म्हणजे हे पेलेच सेल झाले,” ती हळूच म्हणाली.

आजोबांना हेच हवं होतं. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. प्रत्येक धातूच्या अणूंजवळ इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) असतात. काही धातू ते घट्ट धरून ठेवतात, काही चटकन सोडून देतात. ॲल्युमिनियम चटकन सोडणाऱ्यांपैकी. एरवी त्याचं काही बिघडत नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्याच्या अंगावर एक पातळ, कठीण कवच तयार होतं आणि ते आतल्या धातूला सांभाळतं. मीठ मात्र ते कवच ठिकठिकाणी फोडतं. अशा वेळी शेजारी स्टीलसारखा घट्ट मुठीचा धातू टेकलेला असला, की ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे वाहू लागतात. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू धातूत राहू शकत नाही. तो सुटून खाऱ्या पाण्यात उतरतो आणि पाण्याशी, ऑक्सिजनशी जुळून त्याची पांढरी भुकटी होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून खाऱ्या ओलाव्यात राहिले की त्यांतला एक असा झिजतो. या झिजण्याला विद्युत-क्षरण (विजेच्या वाहण्यामुळे धातूचं खंगत जाणं) म्हणतात.

“पेल्यात आपण ती वीज तारेतून नेली, म्हणून घड्याळ चाललं. इंजिनात बोल्ट आणि ॲल्युमिनियम थेट चिकटलेलेच आहेत. तिथे वीज कुणाच्या कामी येत नाही, नुसती गोल फिरते. झिजणं मात्र चालू राहतं.”

बकुळने मान हलवली. आठवड्यातून दोनदा गाडी फरशीवरून जाते, खाडीचं पाणी खालून इंजिनावर उडतं. पाणी वाळतं, मीठ आट्यांच्या खाचांत राहतं आणि दमट हवेत पुन्हा ओलं होतं. दीड वर्षं तिथे एक छोटासा सेल चालूच होता.

मिस्त्री इतका वेळ ऐकत होता. त्याने विचारलं, की सगळीकडे झीजच होत असेल तर दोनच बोल्ट सैल का, चार घट्ट का? आजोबांनी तो प्रश्न बकुळकडे सरकवला. तिने पुडीतली भुकटी बशीत ओतली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. एवढीशी झीज आणि एवढं पीठ. मग तिच्या लक्षात आलं. ज्वारीचे दाणे डब्यात मावतात, पण त्यांच्या लाह्या फोडल्या तर त्याच डब्यात मावत नाहीत. ॲल्युमिनियमची भुकटी झाली की ती जास्त जागा मागते. भोकात जागा तर तेवढीच. म्हणून ती आधी बोल्टाला चोहीकडून आवळते. झीज वाढत जाऊन इंजिनाच्या बाजूचे आटेच खाल्ले गेले, की मग बोल्टाला धरायला काही उरत नाही आणि तो सैल होतो. दोन बोल्ट त्या टोकाला पोहोचले होते, चार वाटेत होते.

“बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाला. “आता एकच प्रश्न राहिला. आधीचे करडे बोल्टही स्टीलचेच होते. ते नऊ वर्षं टिकले.”

आजोबांनी उत्तर दिलं. त्या बोल्टांचा करडा, निस्तेज रंग म्हणजे जस्त आणि ॲल्युमिनियमच्या चुऱ्याचा लेप होता. तो लेप इंजिनाच्या धातूचाच भाऊबंद. दोघांच्या इलेक्ट्रॉन ओढून धरण्यात फारसा फरक नाही, त्यामुळे सेल जेमतेम चालायचा. माथ्यावर तांबूस डाग दिसायला लागले तेव्हा लेप संपत आला होता, आणि तसाच लेप असलेले नवे बोल्ट घालायला हवे होते. स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमपासून फारच दूरचं. ओढ मोठी, झीज मोठी.

बकुळने टेबलावरचा बोल्ट फिरवून पाहिला. ते चकचकीत बोल्ट आईने निवडून आणले होते. गाडीचा एक स्क्रूसुद्धा आई पुसून बसवायची. कवडेबेटावरून आली की आधी गाडीखाली वाकून बघायची, मग चहा घ्यायची. तिला हे कसं सांगायचं?

सांगायची वेळ लगेचच आली. आई हात पुसत आत आली, पेल्यांवर चालणारं घड्याळ पाहून तिला गंमत वाटली, आणि हे काय म्हणून तिने विचारलं. बकुळने इलेक्ट्रॉनपासून सुरुवात केली, कवच, मीठ, भुकटी सगळं नीट सांगितलं आणि बोल्टाच्या रंगापाशी येऊन अडखळली. तिने आजोबांकडे पाहिलं.

आईने टेबलावरचा बोल्ट उचलला. “म्हणजे मी चांगलं म्हणून घातलं, त्यानेच इंजिन खाल्लं.”

“बोल्ट चांगलाच आहे, आई,” बकुळ म्हणाली. “त्याचा शेजारी चुकीचा होता.”

आई स्टुलावर बसली. तिचा चेहरा उतरलेला बकुळला पाहवेना. तेव्हा आजोबांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी ॲल्युमिनियमच्या एका होडीला हौसेने पितळी स्क्रू बसवले होते, दिसायला छान दिसतात म्हणून. दोन महिन्यांत स्क्रूंभोवती रुपयाएवढी भोकं पडली आणि होडी धक्क्यालाच बुडाली. त्या होडीमुळेच आपण या विषयाच्या मागे लागलो, असं ते म्हणाले. आई थोडी हसली, पण लगेच ताठ बसली. तिला दुसरंच काही आठवलं होतं. गेल्या वर्षी फिरत्या दवाखान्यांच्या चालकांची बैठक झाली, तेव्हा हेच बोल्ट वापरा असं तिने बाकीच्या चौघांनाही आग्रहाने सांगितलं होतं.

ती उठली आणि तिथूनच एकेकाला फोन लावू लागली. माझी चूक झाली, बोल्ट तपासून घ्या, अडकले असतील तर जोर लावू नका, काय करायचं ते उद्यापर्यंत कळवते. चारही जणांना तिने हेच सांगितलं, काहीही न लपवता. बकुळ ऐकत होती. आईबद्दल तिला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

आता काम उरलं होतं ते अडकलेले चार बोल्ट काढण्याचं. जोर लावायचा नाही, मग काय करायचं? बकुळला स्वयंपाकघर आठवलं. काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण घट्ट बसलं की आई ते गरम पाण्याखाली धरते. पत्रा काचेपेक्षा जास्त फुगतो आणि झाकण सुटतं. तिने विचारलं, की तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं की स्टील? ॲल्युमिनियम, असं मिस्त्रीने क्षणात सांगितलं. म्हणजे इंजिन तापवलं की भोक बोल्टापेक्षा जास्त मोठं होणार.

मंगळवारी सकाळी मिस्त्रीने दोन हातांनी गरम हवेचे झोत धरले, तिसऱ्याने तापमान मोजलं आणि चौथ्याने पाना फिरवला. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, पुन्हा पुढे. पहिला बोल्ट किरकिरत सुटला, आणि मग आणखी दोन सुटले. चौथ्याचा माथा मात्र खटकन मोडून खाली पडला. मिस्त्रीने बारीक गिरमिटाने तो आतून कोरायला घेतला, आणि त्यात दुपार गेली.

तोवर बकुळने एक युक्ती काढली. धक्क्यावरच्या होड्यांना खालून जस्ताची वडी लावलेली असते. होडीऐवजी ती वडी झिजते आणि दरवर्षी बदलतात. तसं इंजिनाला का लावू नये? आजोबा खूश झाले, पण नाही म्हणाले. होडीचा तळ सगळाच पाण्यात असतो, त्यामुळे वडी आणि होडी एकाच पाण्याने जोडलेल्या असतात. इंजिनावर नुसते सुटे थेंब असतात. एका थेंबातल्या झिजेला दूरची वडी वाचवू शकत नाही. गाडीसाठी दुसरा मार्ग घ्यायचा. या सेलला दोन धातू लागतात, त्यांचा स्पर्श लागतो आणि खारा ओलावा लागतो. त्यातलं काहीही एक काढून घेतलं की सेल बंद.

“तीनही काढू,” बकुळ म्हणाली.

मग त्यांनी तसंच केलं. खाल्लेली भोकं मिस्त्रीने थोडी मोठी करून साफ केली आणि चिनी मातीसारख्या, वीज न वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या सहा बाह्या (आतबाहेर आटे असलेल्या छोट्या नळ्या) छापून त्यांत बसवल्या. बोल्ट आता इंजिनाला टेकणारच नव्हते. बोल्टही करड्या लेपाचे घेतले, आईने स्वतः निवडून. माथ्यांखाली जाड प्लॅस्टिकच्या चकत्या घातल्या आणि ओल आत जाऊ नये म्हणून कडेने चिकट मलम भरलं. शिवाय कवडेबेटावरून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं, असं आईने गाडीच्या दारावर लिहून ठेवलं. बुधवारी संध्याकाळी इंजिन तासभर चालवून पाहिलं. पाण्याचा एक थेंबही गळला नाही.

त्याच दिवशी बाकीच्या गाड्यांची खबर आली. दोघांनी आईचं ऐकलंच नव्हतं, त्यांचे जुने बोल्ट ठणठणीत होते. दोघांच्या बोल्टांभोवती पांढरी कड दिसली होती, पण आटे शाबूत होते. त्या दोन गाड्यांसाठी मिस्त्रीने बाह्या छापायला घेतल्या. आईने त्या रात्री दोन दिवसांची राहिलेली झोप एकदम काढली.

गुरुवारी सकाळी ओहोटीला गाडी फरशी ओलांडून गेली. बकुळ डॉक्टरांच्या मागच्या बाकावर बसली होती आणि काचेला नाक लावून बाहेर बघत होती. कवडेबेटावर बाळं लायनीने रडली आणि लायनीने गप्प झाली. होडीत न चढू शकणाऱ्या आजींच्या छातीचं चित्र निघालं. आजार होता, पण औषधाने बरा होणारा होता. सहा महिने नेमाने गोळ्या घ्या, मग तुम्हीच मला धक्क्यापर्यंत सोडायला याल, असं डॉक्टर मुकादम त्यांना म्हणाल्या. आजींनी बकुळच्या हातावर ओल्या काजूगरांची मूठ ठेवली.

काजूगर खात ती खाडीच्या काठाला आली, तर तिथे पिवळ्या शिरस्त्राणातल्या एक बाई खडकांमध्ये खुंट्या रोवत होत्या. त्या इंजिनिअर होत्या, नाव ईशानी दामले. फरशीच्या जागी कधीही न बुडणारा पूल होणार होता आणि त्याची मापं घ्यायला त्या आल्या होत्या. त्यांनी हातातल्या डिजिटल पाटीवर पुलाचं चित्र दाखवलं. पूल हलका, रुपेरी आणि सुंदर होता. ॲल्युमिनियमचा आहे, असं त्या म्हणाल्या.

“आणि बोल्ट कशाचे?” बकुळने विचारलं.

स्टीलचे, त्या म्हणाल्या. मग बकुळने विचारलं की दोघांच्या मध्ये काय घालणार. ईशानीताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि चित्र मोठं करून एकेक सांधा दाखवू लागल्या. इथे वीज न वाहून नेणाऱ्या पदार्थाची बाही, इथे चकती, इथे लेप. बकुळ प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत गेली. कठड्याशी येऊन तिचं बोट थांबलं. तिथे खाडीचे खारे तुषार आणि पावसाचं पाणी साचून राहील असा खळगा होता, आणि बरोबर त्याच खळग्यात एक बोल्ट बाहीशिवाय उघडाच दाखवलेला होता.

“इथे?”

ईशानीताई खडकावर बसल्या. त्यांनी चित्र उलटसुलट फिरवून पाहिलं, खिशातून वही काढली, आणि बकुळला शेजारी बसायला सांगून तिचा प्रश्न लिहून घेतला.